रीप कुठे आहे

पार्सल आलं तेव्हा पोस्टमनने खोका हलवून विचारलं,
आत काही आहे ना?
चार मिलिमीटरचा तळ. घडी घातली तर बूट मुठीत मावतो.
नणंद म्हणाली, एवढे पैसे घालवून अनवाणीच झालीस की.

गावखडीच्या वर सडा आहे.
करपलेल्या भाकरीसारखा काळा,
मधे मधे पापुद्रा सुटलेला.
पहिल्या सकाळी तिथे तीनशे पावलं धावले
आणि मटकन बसले.
जाड बुटांत दहा वर्षं टाच आपटत आले होते,
आपटणं म्हणजेच धावणं, असं धरून.
आता एकेक खडा
नावगाव सांगून आत येत होता.
दुसऱ्या दिवशी दवाखान्यात लोकांना गोळ्या मोजून देताना
टेबलाखाली मी पाय
सलाईनच्या रिकाम्या बाटलीवर फिरवत होते.

टिटवी मला चाळीस पावलांवरून ओळखायची.
उठायची ओरडत,
जसा काही चिरेखाणीचा डंपरच आला.

गडग्यावर काशिराम बाणे बसलेले असत.
वय एकाहत्तर, चार गावांची कौलं चाळलेला माणूस.
एकदा माझ्याकडे न बघता, कान वाकडा करून म्हणाले,
"टाच आदी बोलतेय तुजी. तू मागनं येतेस."
आणि मी पुढे गेल्यावर, मोठ्याने:
"लांब कशाला टाकतेस पाय?
लांबचं कौल कसं हाय, तुला म्हायती?"

मी परत फिरले.

कौलावर, त्यांनी सांगितलं,
पाय पुढे टाकायचा नसतो, अंगाखाली ठेवायचा असतो.
चवडा विचारतो. टाच ऐकते.
खाली रीप लागली तर वजन द्यायचं.
नाही लागली
तर वजन अजून आपलंच आहे,
दुसरीकडे न्यायचं.

एवढंच. मग बिडी.

व्हिडिओत मिनिटाला एकशे ऐंशी पावलं सांगतात.
मोजायला गेले की श्वास चुकायचा.
शेवटी मोजणं सोडलं, मोहरी तडतडते
त्या घाईने पाय उचलत राहिले,
गुडघे सैल, खांदे सैल,
जबडासुद्धा, तो कधीपासून आवळून धरला होता कोण जाणे.
खाडीकडच्या उतारावर, जिथे पूर्वी ब्रेक लावत उतरायचे,
तिथे करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी
ओरबाडायला टपलेल्या,
तिथे पावलं इतकी बारीक झाली
की उतार संपला हे खाली वाळू लागल्यावर कळलं.

वैशाखात बाण्यांचा पोऱ्या आंब्याच्या पेट्या भरायला गेला
आणि दवाखान्याचं छप्पर अर्धं राहिलं.
"चढ," म्हणाले, "बूट राहू दे पायात, पातळ हाय तो."
चढले.
बारा ओळी गेले, कौल न बोलता.
पायाखाली रीप येत होती, वासा येत होता,
माझ्याच औषधांच्या कपाटावरून मी चालत होते.
मग नारळांच्या वरून समुद्र दिसला,
अख्खा, पूर्णगडापर्यंत,
आणि मी लांब पाऊल टाकलं.

फार आवाज नाही झाला.
बिस्कीट मोडावं तेवढा.
खाली रांगेतल्या कोणीतरी वर पाहिलं,
केसपेपरवर लाल भुगा पडला.
बाण्यांनी फुटकं कौल काढलं, नवं सरकवलं,
ओळ हाताने चाचपली.
"एकच," म्हणाले. "पयल्या वर्षी माजी सतरा.
पैसे मातर तू दे."

दुसऱ्या दिवशी सड्यावर टिटवी उठली.
ओरडलीच, ओरडणार नाही तर काय,
तिची अंडी उघड्या कातळावर.
पण बारा पावलांवरून.
मी थांबले, मागे येऊन मोजली,
पुन्हा मोजली, तेरा भरली,
आणि तेवढ्यात डाव्या पोटरीत
गोळा आला.