उत्तर दिलंच पाहिजे असं नाही

बकी गावात बंदरामागची गल्ली, घर नंबर नऊ.
एफी मेअर, वय एक्याऐंशी,
स्वेटरचं वरचं बटण खालच्या काजात.
भावाचा मुलगा स्ट्रुअन दारातच उभा:
"आत्याचं सगळं मीच बघतो."

कायदा मला उंबऱ्याआत नेतो,
तिच्याशी एकटीशी बोलू देतो,
आणि पहिलं वाक्यही तोच हातात देतो:
"तुम्ही उत्तर दिलंच पाहिजे असं नाही."

स्ट्रुअन बाहेर गाडीत, इंजिन चालूच.
आत फ्रिजला सायकलचं कुलूप.
मी ते पाहिलं. मी पाहिलेलं तिने पाहिलं.

वर्षातून शंभरदा म्हणते मी हे वाक्य,
पाठ झालेल्या पाढ्यासारखं.
तिने कान पुढे केला:
"पुन्हा म्हण."
म्हटलं.
"गप्प बसले तरी चालेल?"
चालेल.
"तू चिडणार नाहीस?"
नाही.

मग ती गप्प बसली, बराच वेळ,
दुकानात नवी खुर्ची बसून पाहावी तशी.
बाहेर हॉर्न वाजला. दोनदा.

बटण सोडवून नीट लावत म्हणाली,
"लिही.
बँकेचं कार्ड मार्चपासून त्याच्याकडे.
किल्लीही.
पण त्याला थंडी सोसत नाही,
लहानपणापासून छाती कच्ची आहे,
हेही लिही."

फॉर्मवर त्यासाठी चौकट नव्हती.
समासात लिहिलं.