सूचना क्रमांक सतरा

सभा साडेपाचची, सुरू झाली सव्वासहाला.
कन्नमवार नगर, तळमजला,
सत्तावीस खुर्च्या, त्यातल्या चार समोरच्या क्लासवाल्यांच्या.
बिल्डरच्या माणसाने नकाशा कपाटाला चिकटवला,
नेमका 'चरित्रे' या पाटीवर.
नव्या इमारतीत वाचनालय तिसऱ्या पोडियमवर,
पार्किंगच्या रॅम्पला लागून.

इतिवृत्त मी लिहीत होते.
घोसाळकर म्हणाले, पेपरच्या काठ्या तरी न्या.
नोंदवलं.
एमपीएससीवाली मुलं म्हणाली, रात्री दोनपर्यंत दिवा हवा.
फिलोमिना डाबरे म्हणाल्या, आधी बायकांना संडास,
मग भवितव्य-बिवितव्य.
हशा. तोही नोंदवला.

शकुबाई दोन घरांच्या मधल्या वेळात आलेली, दारातच उभी.
तिची कामं सुटतात साडेआठला,
आपलं कुलूप लागतं आठला.
"मला वाचायला फार येत नाही,
पण पंख्याखाली बसून शिकले असते."
हे कुठल्या सदरात घालायचं, अजून ठरलेलं नाही.

मग मुकादमांचा नौशाद, वय नऊ,
चपला काढून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला,
टाचेला अंगठा लावत.
एकसष्ट.
नकाशावर बोट ठेवून विचारलं, इथे किती?
त्या माणसाने मोबाईल काढला, भागाकार केला.
सव्वीस.
"पण तोवर माझे पाय मोठे होतील."

पंखा तेवढा बोलत राहिला.
सूचना क्रमांक सतरा, मी लिहिलं,
पुढचं वाक्य काही सुचेना.
वही जमिनीवर ठेवली, त्याला म्हटलं, उभा राहा,
आणि पेन्सिलीने पाऊल गिरवून घेतलं.

अध्यक्षांनी सही केली
अंगठ्याशेजारच्या मोकळ्या जागेत.