सातवा भाग

जुळे सोलापुरात टाकीला वळसा घातला की
'शेटे मिनी मार्ट', रात्री दोनपर्यंत उघडं.
बोर्डावरचा 'मा' विझलाय,
म्हणून गिऱ्हाईक फोनवर सांगतं,
"र्टपाशी थांबलोय बे, ये लवकर."
आत मी आणि अंबादास गड्डम.
कामाच्या नावानं बोंब.

आमची पहिली मालिका शेटेअण्णा बघायचे,
घरी, गादीवर, मोबाइलवर,
चार कॅमेऱ्यांची, बिनआवाजी.
तीत मी एका हातानं बिल करतो
आणि दुसऱ्या हातानं खारे शेंगदाणे मोजतो, तोंडात.
रोज तेच. तरी बघायचे.
मधेच फोन:
"फरशी पुसतोयस, का तिला गुदगुल्या करतोयस बे?"

दुसरी अंबूनं काढली.
तडा गेलेल्या काचेवर, बोटानं,
रेझगी आणि चिंगमच्या बरणीच्या मधे बसून.
तो म्हणतो, नुसता बसलेला माणूस बसलेला दिसायलाही
सेकंदाला बारा चित्रं लागतात.
मी जांभई दिली, छत्तीस.
मी उठायचा विचार केला आणि परत टेकलो,
तर त्याची अख्खी रात्र गेली.
माझ्या आळसावर एवढी मेहनत
माझ्या आईनंही घेतली नव्हती.

त्याचे वडील अशोक चौकामागं चादरी विणायचे, मोराच्या.
भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरायची,
एक पुठ्ठा, एक धागा,
मोराची मान यायलाच दुपार.
कारखान्याला आता कुलूप. पुठ्ठे बंबात गेले.
परवा दुकानात आले, अंबूच्या खांद्यावरून
मला जांभया देताना बघितलं बराच वेळ,
तेलुगूत काहीतरी म्हणाले आणि गेले.
काय म्हणाले बे?
"म्हणाले, मोर तरी काढ."

आवाज गोदामात भरतो,
ज्वारीच्या पिठाच्या पोत्यांत डोकं घालून.
कुल्फीचा फ्रीज घरघरतो, तो बंद करावा लागतो.
एकदा चालू करायचा राहिला. तो दुसरा भाग.
अण्णांनी पगारातनं चाळीस कुल्फ्या कापल्या.
तो तिसरा.

मालिकेत अण्णा म्हणजे नुसत्या मिशा.
दारातनं आधी त्या येतात, मग स्कूटर.
हे नातवानं त्यांना दाखवलं.
रात्री दीडला शटरपाशी स्कूटर थांबली
आणि आम्ही दोघं उभे राहिलो,
नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा.
त्यांनी चौथा भाग उभ्यानं बघितला.
परत बघितला.
मिशीवरनं बोट फिरवलं, म्हणाले,
"शेंगाचटणीची बरणी डावीकडं दाखवलीय.
आपल्यात उजवीकडं असती की."
आणि गेले.
सकाळी दुकान उघडलं तर
बरणी डावीकडं.

आता कधी कधी एखादं पोरगं
काडीपेटी घेता घेता कान टवकारतं,
"तूच का बे तो? बोल की काहीतरी."
मी म्हणतो, सुट्टे नाहीत.
ते पोट धरून हसतं,
मित्राला फोन लावतं, मला परत म्हणायला लावतं.
खरंच नसतात सुट्टे.
दोन रुपयांच्या गोळ्या देतो, तरी हसतं.

सातवा भाग अर्धाच आहे.
एप्रिलात इथं रात्रीही भिंती भाकरीच्या तव्यासारख्या,
अंबूचा फोन तापून अडकला
आणि अंबूनं तो कुल्फीच्या फ्रीजमधे ठेवला,
पिशवीत गुंडाळून, मलई आणि पिस्त्याच्या मधे.
आत मी आहे, काउंटरवर कोपर टेकलेला,
पापणी अर्धी.
मिटतोय का उघडतोय, विचारलं,
तर म्हणाला, अजून ठरलं नाही.

फोन गार होतोय.
दारात कुणीतरी उभं आहे, दही मागतंय.
मी पापणी तशीच धरून ठेवलीय.