दोन्ही कान दिसले पाहिजेत

प्रदर्शनाचा चौथा दिवस. हॉलमध्ये मी आणि पंखा.
लखीबेन आली ती थेट सयाजी हॉस्पिटलातून.
नवरा वॉर्डात, डोळ्याला पट्टी.
हातात केसपेपर, काखेत पिशवी,
पिशवीत सुके बोंबील. माझ्यासाठी.
वॉचमननं नाक धरलं.
तीन दिवस तो त्याच बोंबलांच्या फोटोखाली
बसून डबा खात होता.

"वाच," ती म्हणाली, "काय काय लिहिलंस आमचं?"

मी वाचत गेले.
'जाळं विणणारी स्त्री.'
— विणते कुठं? उसवतेय.
भंगारात घातलं ते, बारा रुपये किलोनं.
'समुद्राची वाट पाहताना.'
— त्याची वाट कोण बघतं, दीकरी?
तो दिवसातून दोनदा येतो.
मी जंबुसरची बस बघत होते.
'पहाटेची मासेमारी.'
इथं ती हसली, पदर तोंडाशी नेऊन.
— आठम होती त्या दिवशी. भांगाचं पाणी, चढलंच नव्हतं.
तू एवढ्या लांबून आलेली,
म्हणून दीर उतरला चिखलात, रिकामं जाळं फेकलं
तीनदा.
तू म्हणालीस, ढग येऊ देत.

म्हणाले होते.

दोन वर्षं जात होते मी तिकडं
पहाटेच्या एसटीनं,
जिथं समुद्र कोसभर मागं सरतो
आणि चहाच्या रंगाचा गाळ तेवढा ठेवून जातो,
गाळात फळीवर पोट टेकून सरपटत जाणारी माणसं,
लेवट्यांच्या बिळात कोपरापर्यंत हात घातलेली पोरं.
त्या गाळाला मी राखाडीच्या किती छटा दिल्या,
रात्र रात्र बसून.
दांडियाबाजारात जिन्यातच आई विचारायची,
"आज काय आणलंस?"
"बत्तीस फ्रेम."
"त्या तळता येतात का?"

लखीबेननं पिशवीच्या तळातून घडी काढली.
बोंबलाचा वास लागलेला फॉर्म. मच्छीमार कार्डाचा.
— दोन फोटो मागतात. मागं पांढरं पाहिजे.
दोन्ही कान दिसले पाहिजेत.
दवाखान्यासमोरचा साठ रुपये सांगतो.
तू एवढे काढलेस माझे,
त्यातला एखादा नाही का चालणार?

भिंतीवर तिचे अकरा होते.
अकराही पाहिले आम्ही, एकेकापाशी थांबून.
एकात पाठ. एकात नुसते हात,
ते मासिकाच्या मुखपृष्ठावर आले होते.
एकात ती सबंध आहे,
पण सूर्य पाठीमागं, म्हणून काळी.
कान कुठंच नाहीत.

बाबांनी चाळीस वर्षं हेच केलं, खालच्या स्टुडिओत.
पांढरा पडदा, स्टुल, केसांना कंगवा.
मी म्हणायचे, ही काय फोटोग्राफी?
ते काही बोलायचे नाहीत,
पुढच्या गिऱ्हाइकाची कॉलर सरळ करायचे.

बसची वाट बघणारी लखीबेन मी भिंतीवरून उतरवली.
तिच्यामागचा चुना बाकीपेक्षा जरा पांढरा होता.
तिथं लखीबेनला उभं केलं.
खिळा डोक्याच्या वर चार बोटं.
खाली, छातीच्या उंचीवर, चिठ्ठी तशीच:
'समुद्राची वाट पाहताना.'

पदर तिनं स्वतःच मागं घेतला.
डाव्या कानाची पाळी फाटलेली, जुनी जखम.
दोन वर्षांत मला दिसली नव्हती.

"हनुवटी जरा वर," मी म्हणाले.
आवाज बाबांचा आला.
"हसू?"
"नाही चालत."
"मग बरंय."

मी श्वास धरला. तिनंही.
"कान आले?"
"आले."
"फाटका पण?"
"तोसुद्धा."

मग ती चपला शोधू लागली.
दाराशी काढल्या होत्या, कुणी सांगितलं नसताना.
बस साडेतीनची.
पायरीवरून वळून म्हणाली,
बोंबील फार वेळ भिजवू नकोस,
पाण्यात चव जाते.