पाकिटावर नऊ मिनिटं लिहिलंय

वेंडेल म्हणाला, वीस मिनिटं आहेत.
म्हणजे पंधरा. बुटांना पाच लागतात त्याला,
डावा कधीच दाराशी सापडत नाही.

बायू ला बात्रेच्या धक्क्यावरून दुपारी आणलेली कोळंबी,
दोन पौंड, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
फ्वाँगनं पैसे घेतले नाहीत. म्हणाली, ने गं,
वादळ आलं की बर्फ कुणाच्या बापाचा राहत नाही.

आधण ठेवलं. विजेच्या शेगडीला घाई कळत नाही.

मायका सोलायला बसलाय. नऊ वर्षांचा.
दहाव्या कोळंबीला हात बसला:
डोकं पिरगाळायचं, पाय खाली ओढायचे,
पाठीवर चीर, काळा दोरा बाहेर.
"हा काय असतो?"
"तिचं शेवटचं जेवण," मी सांगून टाकलं,
आणि वाटलं, आज हे बोलायला नको होतं.

बाहेर कुणाचा तरी कचऱ्याचा डबा
रस्ता ओलांडून चालला होता, एकटाच,
पाळीला निघाल्यासारखा.

लसूण सात पाकळ्या, ठेचून. लोणी. चुरडलेली सुकी मिरची.
मिठाच्या आधी माशांच्या सॉसचे चार थेंब.
ख्मेर बाईच्या घरात इटलीचा पास्ता असाच होतो.
वेंडेलला हे लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं,
तेव्हा त्यानं फक्त ताट पुढं केलं होतं.

कोळंबी तव्यात पडली, चरचरली.
राखाडीची गुलाबी व्हायला दीड मिनिट.
"वळली की काढ," मी मायकाला सांगते,
"जास्त लाड केले की रबर होतं."

पास्त्याला सहा मिनिटं झाली
आणि वीज गेली.

आधी फ्रीज गप्प झाला. मग डोरीनचा टीव्ही.
वेंडेल अंधारात मान तिरकी करून उभा,
आम्हाला ऐकू न येणारं काहीतरी ऐकत.
"कॅनरीमागची लाइन," म्हणाला.
"पुलापलीकडे दिवे आहेत अजून."
फोन वाजला तेव्हा एक बूट पायात होता.

मी झाकण दाबून धरलं.
शेगडी गेली तरी पाण्याला अजून खबर नव्हती.
तीन मिनिटं राहिलेली. मायकानं ती मोठ्यानं मोजली,
एकशे ऐंशीपर्यंत,
एकशे चाळीस दोनदा.

टॉर्च दातात धरून गाळलं.
वाटीभर आधणाचं पाणी, अर्धं लिंबू, कोळंबी,
सगळं एकत्र, हाताच्या अंदाजानं.
एक शेंग अजून कडक होती, दाताखाली कट्कन वाजली.
"जमलंय," वेंडेल म्हणाला, भांड्यातूनच, उभ्यानं,
चार घास. पाचवा मोठा.

उरलेलं कॉफीच्या डब्यात भरलं.
"चीज?" मायका.
"कोळंबीवर कधी चीज घालतात का?"
म्हणत मी घातलं. रात्र लांब होती.

डावा बूट आज दाराशीच होता.
सकाळी बातम्या बघून मीच ठेवला होता.
त्याच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे,
त्यानं नाडी बांधली, दोन गाठी मारून,
आणि ट्रकचे दिवे पावसात वळले.

आम्ही दोघं जेवलो, टॉर्च छताकडे करून.
मायका चमच्यानं कोळंब्या मोजत होता,
बाबाला जास्त गेल्या म्हणून कुरकुरला,
मग त्याच खुर्चीत झोपला.

पहाटे तीन वीसला फ्रीज हुंकारला.
मी उठून आले. दिवा लावलेला नव्हता,
तरी ओट्यावर तांबूस उजेड:
शेगडीचं बटण तसंच राहिलं होतं
आणि रिकाम्या जागी कॉइल
सावकाश लाल होत होती.

म्हणजे कुठल्यातरी खांबावर, पाण्यात, उंच
एक हात आपलं काम करून मागे आला होता.

हात शेकत थोडा वेळ उभी राहिले.
टरफलांना वास सुटला होता.
मग बटण फिरवलं.