चौदावा आणि पंधरावा रकाना

रात्री पावणेतीनला फोन. बंदराची बिलं अडली होती.
डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवस मावळतो,
तेव्हा पावणेतीन म्हणजे किती रात्र, विचारू नका.
कोट चढवला, गेले.

आमचं ऑफिस तागाच्या जुन्या गिरणीत.
लोखंडी खांब तेच, फक्त आता पांढरे.
मागांच्या जागी टेबलं,
आणि या वेळी टेबलांमधून फिरणारी एकटी इझोबेल पेट्री,
बादली, फडकं, चाकं करकरणारी.

प्रोसेस नंबर चार हजार एकशे बारा.
कॅलम फोनवर म्हणाला, तोच सगळा सीपीयू खातो,
मारून टाक.
म्हटलं, आधी मोजते.

प्रॉक नावाच्या गावात प्रत्येकाला घर असतं,
दारावर नाव नाही, नंबर.
आत स्टॅट नावाची फाइल,
डिस्कवर कुठेच नसलेली.
विचारलं की तेवढ्यापुरती लिहिली जाते,
साक्षीदाराच्या जबानीसारखी.
एकच ओळ, पन्नासेक आकडे.
चौदावा: स्वतःच्या हातांनी केलेलं काम.
पंधरावा: काम आपलंच, पण कर्नलच्या दारात जाऊन करून घेतलेलं.
(माझा पंधरावा मोठा आहे.
व्हिसाच्या खिडक्या, बोटांचे ठसे, पुन्हा बोटांचे ठसे.)

पहिल्यांदा चुकलेच.
फर्गसनं नोकरी सोडताना हा प्रोग्राम मागे ठेवला,
आणि त्याचं नाव असं की त्यात मोकळी जागा, वर एक कंस.
सगळे रकाने एकेक घर सरकले.
चौदावा समजून मी वाचत होते तेरावा:
मुलांच्या खात्यावरचे फॉल्ट.
आईबापांना हाच रकाना आधी दिसतो, नाही का.
मग मागून यायचं, पहिला भेटेल तो कंस धरायचा,
तिथून पुढे मोजायचं.

आला आकडा. आठ लाख एकेचाळीस हजार आणि काही टिक.
शंभर टिकांचा एक सेकंद.
पण हा जन्मापासूनचा हिशोब.
आयुष्यभर राबलेला माणूस
आत्ता झोपलेला असू शकतो.
एक सेकंद थांबले. पुन्हा वाचलं. वजा केलं.

शून्य.

पुन्हा. शून्य.
पाच सेकंद थांबले. शून्य.

इझोबेल खांद्यामागून बघत होती.
काय शोधतेस?
म्हटलं, एकजण काम करतो का ते.
ती हसली. म्हणाली, माझी आजी याच मजल्यावर होती.
मागांचा आवाज इतका की बाया हातांनी बोलायच्या.
मुकादम यायचा घड्याळ घेऊन, एकदाच बघायचा.
त्या क्षणी जिचा धागा तुटलेला, ती बांधत बसलेली,
ती आळशी. पगार कापला.
आणि हुशार पोरी त्याच्या बुटांचा आवाज ओळखून
बरोब्बर तेवढ्यापुरत्या वाकायच्या.

मी तिला सांगणार होते
की जुनं कर्नल असंच करायचं,
टिकेला डोकावायचं, जो समोर दिसेल त्याच्या नावे अख्खी टिक.
दोन टिकांमध्ये उठून काम करून निजणारा
कुणाच्या वहीत नाही.
सांगितलं नाही. तिला ते ठाऊक होतं.

कंसानंतरचं पहिलंच अक्षर मी तोवर वाचलं नव्हतं.
डी. डिस्कची वाट बघतोय. हाक मारली तरी उठणार नाही,
मारला तरी मरणार नाही.
ग्लासगोतली एक डिस्क तासाभरापूर्वी गप्प झाली होती,
आणि सीपीयू खात होता भलताच, शेजारच्या नंबरचा,
तीच डिस्क पुन्हा पुन्हा विचारत: आहेस का, आहेस का.

डिस्क उठवली.
वाचलं, थांबले, वाचलं, वजा केलं.
त्र्याण्णव.
लागला कामाला.

टाइमशीटवर मात्र एकच रकाना आहे.
चढत्या जिन्यावरची, वाट बघण्यातली, इझोबेलच्या आजीतली मिनिटं
कशात धरायची?
दोन तास, असं लिहिलं.
खाली उतरले तेव्हा ती पायऱ्या पुसत होती.
म्हणाली, कडेनं जा गं, ओलं आहे.