छत्तीसचा आकडा

ताळगावच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावर
जपानहून आलेला डबा फोडला तेव्हा
इनासियु बरणी खिडकीशी धरून म्हणाला,
"ही वाम न्हय बाय. हाका जबडो खंय आसा?"

नाहीच जबडा.
ती कल्पना पुढच्यांना सुचली.
हा तेव्हा गाळात निजला होता
आणि कुणी उठवलं नाही.

बरणीसोबत दोन नळ्या,
एकीत रक्ताच्या पेशी, दुसरीत वृषणाच्या.
थेंब हातभर उंचीवरून सोडायचा काचेवर,
पेशी फुटली पाहिजे
पण आतलं सांडता कामा नये.
बावीस वर्षं हेच करते मी.
हात हलत नाही.
मधे एक महिना हलायचा, तेवढाच.

रंग चढला, चुरडलेल्या जांभळासारखा.
मोजलं.
वृषणात बावन्न गुणसूत्रं.
रक्तात छत्तीस.

सोळा कुठे गेली
हे इनासियुने विचारलं, मी नाही.
मला ठाऊक होतं.
गर्भ अजून मूठभर पेशींचा असतानाच
सगळी दोन्ही टोकांकडे ओढली जातात,
ही सोळा मधेच राहतात,
चोडणची शेवटची फेरी सुटल्यावर
रायबंदरच्या धक्क्यावर उभी राहिलेली माणसं.
बोट वळत नाही.
सकाळी बघावं तर धक्का रिकामा, धुतलेला.

फक्त ज्या पेशींतून पुढची पिल्लं व्हायची
त्या कुणालाच मागे सोडत नाहीत.
यकृत होणारीने टाकलं, कातडी होणारीने टाकलं,
त्या भयंकर चिकट्याच्या ग्रंथींनीसुद्धा टाकलं.
एवढीशी एक ओळ
सगळं गाठोडं डोक्यावर घेऊन चालत राहिली,
आणि बाकीचा मासा
तिला वाहून नेणारी होडी.

का टाकतात, यावर अजून वाद आहे.
एक म्हणणं असं की
त्या सोळांत वाढत राहण्याचा हुकूम असावा,
थांब न म्हणणारा.
बीजात तो शोभतो.
तोच यकृतात वाजला तर गाठ होते.

गाठ हा शब्द मी रजिस्टरात लिहीत नाही.

खिडकीतून बांबोळीचं हॉस्पिटल दिसतं.
अडतिसाव्या वर्षी तिथे माझे दोन्ही बीजकोश काढले.
शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, बघायला मिळतील?
सिस्टर फ्लोरी म्हणाली, बरणी खाली गेली, तपासायला.
मग माझ्या कपाळावरून हात फिरवत,
"तुका कित्याक जाय तें?"

मला कशाला हवं होतं.
बघायचं होतं, एवढंच. सवय.

माणसात असं काही नसतं, हे मला कळतं.
माझ्या बोटात जे आहे तेच तिथेही होतं,
एकही जास्तीचं नाही.
शिकवताना मुलांना मीच बजावते,
माशाचा हिशेब माणसाला लावू नका.
तरी त्या दुपारी
चोडणच्या फेरीवर, स्कूटरला टेकून,
काठावर खाजणातले बगळे मोजताना
मी वजा करत होते,
आणि बाकी उरत होती ती मीच होते,
भूक लागलेली, सुंगटं घ्यायची राहिलेली,
पूर्ण चालू असलेली.

आज रजिस्टरात लिहिलं : ३६.
तीन आणि सहा, पाठीला पाठ लावून.
भांडणाचा म्हणतात हा आकडा.
मला तसा नाही वाटला.
एकाच खाटेवर
दोघं दोन भिंतींकडे तोंड करून निजलेली,
पाठींना एकमेकींची ऊब.

दुसऱ्या काचेवर एक्कावन्न भरली.
पुन्हा एक्कावन्न.
एक कुणाच्या तरी खाली दडलंय, नाहीतर
पडताना माझाच हात हलला.
इनासियु दिवे घालवत आला.
काच झाकून ठेवली आहे.
उद्या परत मोजीन.